मैदान रिकामं नव्हतं

"उजेडात ये," साहेब म्हणाले. "भिंतीला चिकटून कशाला उभा राहिलास?"

मी चहाच्या किटलीजवळ उभा होतो. तिथंच उभं राहायचं माझं काम. किटली खाली ठेवली आणि पुढं गेलो. लांब टेबल होतं, त्यावर हिरवं कापड. टेबलामागं सहा-सात माणसं. नव्या सरकारचे अंमलदार, मोकळ्या जागांच्या कमिटीवरचे. दोन शिकलेल्या बाया. समोर खुर्च्यांवर कॉलेजातली पोरं. माझं डोकं भादरलेलं, केस नुकते टोचायला लागलेले. पायात काही नव्हतं. चपला दाराबाहेर काढायचा नियम होता. फक्त चपराशांना.

साहेबांनी दोन बोटं माझ्या खांद्याला लावली आणि मला लोकांकडं वळवलं. दुकानात भांडं फिरवून दाखवतात तसं.

"हा त्याच वस्तीतला," ते म्हणाले. "नोंदी यानंच केल्यात. म्हणजे परक्या माणसानं काहीबाही लिहिलं असं कुणी म्हणायला नको." मग मला विचारलं, "दहा संध्याकाळ मैदानावर बसलास ना तू?"

"बसलो साहेब."

"त्या दहा दिवसांत तुमच्या वस्तीतलं कुणी खेळलं?"

"नाही खेळलं साहेब, पण..."

"पण नको. खेळलं की नाही?"

"नाही. पण त्याचं असं..."

"झालं. एवढंच हवं होतं."

टेबलामागचा एक अंमलदार पान चघळत होता. तो म्हणाला, "क्या मियाँ, सेंदी से फुरसत मिली तो खेलेंगे ना लोगां!"

सेंदी म्हणजे शिंदीची ताडी. तिची दुकानं तेव्हा हैदराबादेत जिकडंतिकडं होती. खुर्च्यांवरची पोरं हसली. दोघींतल्या एका बाईनं तोंडाला रुमाल लावला. साहेबही हसले. माझ्याकडं बघून हसले, म्हणजे मीपण हसावं.

मला काही वाटलं नाही. हे मी खरं सांगतो. राग आला नाही, लाजही वाटली नाही. पाय बधिर झाल्यावर जसं होतं, आपलाच असून आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं. दादा गेल्यापासून ते तसंच होतं. मी उभा राहिलो आणि टेबलावरच्या हिरव्या कापडावर चहाचा डाग पडला होता तो बघत राहिलो.

आता मागचं सांगतो.

ते राज्याच्या वाटणीचं साल. निजामाच्या मुलखाचे तीन तुकडे झाले. आमचं गाव मुंबईकडं गेलं. आम्ही हैदराबादेतच राहिलो. गावात आमचं काय होतं? गावाबाहेर एक झोपडं, ते बापानं सोडलं तेव्हाच पडलेलं. तिथं परत जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? ज्यांच्याकडं जमिनी होत्या ते विचारात पडले, तिकडं जावं का इकडं राहावं. आम्हाला विचार करायला काही नव्हतंच.

आमची वस्ती मलकपेठेत, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानापासून लांब नाही. एकतीस घरं. निम्मी मराठवाड्यातली आमची माणसं, बाकी तेलुगू, दोन घरं मुसलमानांची. वस्तीला लागून एक मोकळं मैदान होतं. त्याच्यावर आम्ही हुतूतू खेळायचो. तेलुगूवाले चेडुगुडु म्हणायचे. खेळ एकच.

माझं शिक्षण तिसरी जमात, तेही उर्दूत. तेव्हा शाळा तशाच होत्या. मराठी अक्षरं मला दादानं शिकवली, माझ्या थोरल्या भावानं. तो मालधक्क्यावर पोती उतरवायचा. त्यानं अक्षरं कुठं उचलली ते त्यानं सांगितलं नाही. मला मात्र कान पिळून शिकवली. म्हणायचा, "हात थरथरला तर चालंल, अक्षर थरथरायला नको." त्या अक्षरांवरच मला नोकरी लागली.

नोकरी म्हणजे आबिड्सच्या मागं एका संस्थेत चपराशी. संस्था समाजाचा अभ्यास करायची. साहेब तिथले मुख्य. साहेब मराठीच, आमच्याच मराठवाड्यातले, वाड्यातले. बाहेर जाऊन शिकून आलेले. आपला मराठी माणूस म्हणून मला बरं वाटलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या अंगाला ते विचारलं, मग पुढं काही विचारलं नाही. माझा पेला खिडकीत वेगळा राहायला लागला. कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही.

साहेबांचा अभ्यास होता फुरसतीचा. शहरातली माणसं कामावरून सुटल्यावर काय करतात, कुठं खेळतात, करमणूक काय. मला आधी हसू आलं. ह्याचा पण अभ्यास? पण साहेबांनी एकदा समजावून सांगितलं, ते मला पटलं. म्हणाले, "कर्नूलहून आंध्राची सगळी दफ्तरं येतायत. अंमलदारांना घरं पाहिजेत. मोकळी मैदानं जाणार. कुठलं ठेवायचं, कुठलं द्यायचं हे कमिटी आपल्या पाहणीवरून ठरवणार. जिथं माणसं खेळतात ते मैदान राहील."

"आमचं मैदान पण पाहणीत हाय का साहेब?"

"आहे. तुला लिहिता येतं ना? मग तुमच्या वस्तीचं तूच लिही."

मला फळी दिली, पेन्सिल दिली, दहा छापील कागद दिले. एका दिवसाचा एक कागद. पाच ते साडेसात, दर अर्ध्या तासानं माणसं मोजायची. रकाने होते: खेळ, पत्ते, भजन, नशा, काही नाही. मी कागद घरी नेले तेव्हा दादानं ते हातात धरून बघितले. सगळ्या वस्तीला दाखवले. "आपला पोऱ्या सरकारच्या कागदावर लिवणार," म्हणाला. मी वीस वर्षांचा होतो, पण दादाला मी पोऱ्याच.

यादगिरी म्हणून आमच्यात एक तेलुगू गडी होता, दादाचा जोडीदार. तो म्हणाला, "अन्ना, अब मैदान कौन लेता देखता मैं!" आमच्या दादाला सगळी वस्ती अन्नाच म्हणायची.

मैदानाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या रेघा राखेच्या असायच्या. एकतीस घरं, एकतीस चुली. रोज संध्याकाळी घरटी एक मूठ राख. बायका स्वतः आणून टोपलीत टाकायच्या. टोपली भरली की दादा वाकून मधली रेघ ओढायचा, मग चारी बाजूच्या. दोरी लावायचा नाही. त्याची रेघ वाकडी कधी झाली नाही. आणि एका घरची जरी राख आली नाही, तर रेघ पडायची नाही. आधी त्या घरी जायचं. चूल का पेटली नाही ते बघायचं. दाणे नसतील तर दाणे द्यायचे, बाई आजारी असेल तर भाकरी पोचवायची. मग त्या घरची मूठ यायची, मग खेळ. आणि माणूस गेलेलं असेल, तर त्या घरी दहाव्यापर्यंत चूल पेटत नसे. शेजारपाजार जेवण द्यायचे. तोवर मैदानावर रेघ नाही. कुणी सांगावं लागायचं नाही. ही रीत कुणी घातली मला ठाऊक नाही. आम्ही आलो तेव्हापासून होती.

पाहणी सोमवारी सुरू व्हायची होती. शनिवारी मालधक्क्यावर पोत्यांची थप्पी दादाच्या अंगावर आली. रविवारी सकाळी दवाखान्यात तो वारला.

मी त्याच्याबद्दल जास्त लिहिणार नाही. त्याचा दम संपायचा नाही एवढं लिहितो. हुतूतू हुतूतू करत तो पलीकडं गेला की बायकासुद्धा हातातलं काम थांबवून ऐकायच्या. दवाखान्यात त्याचा श्वास मी ऐकला. तो वेगळा होता.

सोमवारी सकाळी मी भादरलेल्या डोक्यानं आबिड्सला गेलो. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "अरेरे. वाईट झालं." खरंच वाईट वाटलं त्यांना, मी खोटं सांगत नाही. मग म्हणाले, "आज सुरुवात करायचीय पण. सगळ्या वस्त्यांत एकदम. तू नसशील तर मी दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"साहेब, दहाव्यापत्तुर आमच्यात खेळत नाहीत. दहा दिस थांबता येईल का?"

"एका वस्तीसाठी अभ्यास थांबत नसतो."

दुसरा कुणी आला असता तर? कॉलेजातली जी पोरं दुसऱ्या मोहल्ल्यांना लावली होती त्यांना मी आधीच्या एका पाहणीत बघितलं होतं. ती इराण्याच्या हॉटेलात बसून कागद भरायची. एकानं तर नव्या क्वार्टरांच्या कागदावर बॅडमिंटन लिहिलं, क्वार्टरं अजून बांधून व्हायची होती. मला वाटलं, आपण लिहू. जे आहे ते लिहू. कारण पण लिहू. साहेब मराठी आहेत, समजून घेतील.

ही माझी चूक. दुसऱ्याच्या नावावर टाकणार नाही.

पहिल्या संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला धोंड्यावर बसलो. फळी मांडीवर. समोर मैदान कोरं. टोपली कुणी आणली नाही. माणसं कामावरून आली, मैदानाला वळसा घालून घरी गेली. मैदानातून आडवं कुणी गेलं नाही, तेही रीतीत होतं. पाच वाजता मी लिहिलं: खेळ, शून्य. काही नाही. साडेपाचला लिहिलं: काही नाही. सहाला लिहिलं: काही नाही.

वहिनी घराच्या दारात बसली होती. तिथनं तिला मी दिसत होतो. तिसऱ्या दिवशी ती उठून आली. डोळे कोरडे. माझ्यासमोर उभी राहिली.

"भावजी, तुमचा भाऊ गेला आन् तुमी माणसं मोजायलाव?"

"मैदानासाठी हाय वहिनी. त्याच्याच मैदानासाठी."

"मंग काय लिवलं?"

"काही नाही."

"काही नाही लिवलं?"

"काही नाही असं लिवलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मैदानाकडं. परत गेली. ती मला पुढं वर्षभर कामापुरतंच बोलली.

पाचव्या दिवशी यादगिरी येऊन शेजारी बसला. कागद बघितला. त्याला वाचता येत नव्हतं, पण शून्य ओळखता येत होतं.

"ये क्या लिखा रे?"

"जे हाय ते."

"अरे, बीस लिख दे ना! बाईस लिख दे! कौन देखने आता?"

"खेळलं कुठं कुणी?"

"हर रोज खेलते कि नै? अन्ना मरा, इसके वास्ते बंद है. झूट कायका उसमें?"

मी पेन्सिल हातात धरून बसलो. वीस लिहिणं काही अवघड नव्हतं. दोन आकडे. पण ती अक्षरं मला दादानं शिकवलेली. दादा मरून पाच दिवस झाले, आणि त्या अक्षरांत मी लिहायचं की आज वस्ती खेळली? तो गेल्याच्या पाचव्या दिवशी त्याच्या माणसांनी हुतूतू केलं? मला ते जमलं नाही. यादगिरी म्हणाला, "पागल है तू." मी होतो. अजून आहे.

पण कागदाखाली थोडी जागा होती. तिथं मी रोज एक ओळ लिहिली. "थोरला भाऊ वारला म्हणून रेघ नाही. रोज खेळ असतो." दहा दिवस, दहा ओळी.

बुधवारी दहावा संपला. गुरुवारी सकाळी वहिनीनं चूल पेटवली. मी धावत आबिड्सला गेलो. "साहेब, आज या. आज खेळणार. स्वतः बघा."

साहेब जाण्याच्या गडबडीत होते. वाटणीनंतर त्यांना मुंबईकडं मोठी जागा मिळाली होती. अहवाल संपवून जायचं होतं. म्हणाले, "अभ्यास दहा दिवसांचा होता. काल संपला."

"फक्त आजची एक संध्याकाळ साहेब."

"तुमचा अकरावा दिवस धरला तर सगळ्यांचा धरावा लागेल. शास्त्रात असं चालत नाही."

"मग कारण तरी धरा. मी खाली लिवलंय."

त्यांनी कागद उलटे-सुलटे बघितले. "कारणाला रकाना नाही," म्हणाले.

त्या संध्याकाळी एकतीस मुठी टोपलीत पडल्या. शेवटची वहिनीची. रेघ कुणी ओढायची हा प्रश्न पडला. यादगिरीनं ओढली. वाकडी पडली. कुणी हसलं नाही. खेळ झाला. तेलुगू, मराठी, दोन्ही मुसलमान भाऊ, सगळे उतरले. कडेला बायका, म्हातारे. मी धोंड्यावर बसून माणसं मोजली. सवयीनं. मग ध्यानात आलं की आता मोजून उपयोग नाही, तरी मोजली. बावन्न.

मग पंधरा दिवसांनी ती बैठक. तिथं मी उभा होतो, हिरव्या कापडासमोर.

हसणं संपल्यावर साहेबांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला. इंग्रजीत होता. खाली रेघ होती. "इथं सही कर. नोंदी खऱ्या आहेत म्हणून."

मी कागद हातात घेतला. माझ्या पेन्सिलीचे दहा कागद त्याला टाचणीनं लावलेले होते. वरच्या कागदाची खालची बाजू कातरलेली दिसली. मी दुसरा बघितला. तोही. दहाही कागदांच्या खालच्या ओळी कात्रीनं सरळ कापलेल्या. फाईलीत नीट बसावं म्हणून कापल्या असतील. का तेवढ्यासाठीच कापल्या, मला माहीत नाही. मी कुणावर आळ घेत नाही. कापलेल्या होत्या एवढं बघितलं.

"साहेब, ह्यात काय लिवलंय?"

"तुझंच आहे ते. कर सही."

"माझं असेल तर मला कळू द्या."

खुर्च्यांवर कुणीतरी परत हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "लोकांचा वेळ घेऊ नकोस."

तेव्हा जिनं तोंडाला रुमाल लावला होता त्या बाईनं हात पुढं केला. "लाओ, मैं पढ़ देती," म्हणाली. तिनं आधी मनात वाचलं. मग उर्दूत करून मोठ्यानं सांगितलं. "इस बस्ती के लोगों में खेल-कूद की आदत नहीं पाई गई. शाम का वक़्त बेकार गुज़रता है. मैदान इस्तेमाल में नहीं है." वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी म्हणालो, "ये मैं नै लिखा."

माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. पण आला. चार आठवड्यांत पहिल्यांदा मला माझं अंग माझं वाटलं. जीभ, मग हात.

"काही नाही असंच लिहिलंस ना तू?" साहेब म्हणाले. "त्याचाच हा अर्थ."

"माझा भाऊ मेला होता. त्याचा हा अर्थ कसा?"

पान चघळणारा थांबला. मी घोड्यांच्या मैदानाचं विचारलं. मलकपेठेत सगळ्यांना ठाऊक, घोडे काही रोज पळत नाहीत. इतर दिवशी तिथं कोण असतं? तरी त्याला कुणी बेकार म्हणत नाही. आमच्या मैदानावर दहा दिवस माणूस नव्हता, कारण तिथलं एक माणूस गेलं होतं. हे मी तेव्हा एवढं नीट बोललो नसेन. तुटक बोललो असेन. पण बोललो.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तू सही केलीस काय, नाही केलीस काय, काही फरक पडत नाही. उगाच नोकरी घालवशील. मी जाण्याआधी तुला कायम करून जाणार होतो."

"मग माझी सही कशाला मागता?"

"मुकाट्यानं कर."

"नाही करणार."

"मग उद्यापासून यायचं नाही."

"उद्यापासून कशाला? आत्ताच निघालो."

मी टाचणी काढली. टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला, माझे दहा कागद घडी करून खिशात घातले.

"ए! ते संस्थेचे कागद आहेत!"

"अक्षर माझं हाय," मी म्हणालो. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा मोठ्या माणसाला 'तू' म्हणालो. "छाप तुला काय छापायचंय ते. माझ्या हातानं नाही."

चालत निघालो. चादरघाटच्या पुलावर आलो तेव्हा ध्यानात आलं, चपला तिथंच राहिल्या. परत गेलो नाही.

मैदान गेलं. ते लपवत नाही. पावसाळ्याच्या आधी तारा आल्या, खांब आले. क्वार्टरं झाली, त्यांच्यासाठी क्लब झाला. क्लबात जाळी बांधून खेळायला लागले. वस्तीतल्या बाया तिथं झाडायला जायच्या. यादगिरी मला म्हणाला, "तू बाईस लिखा होता तो मैदान रहता." मी म्हणालो, "तुला काय माहीत?" तो म्हणाला, "तेरे को भी क्या माहीत?" दोघांनाही माहीत नव्हतं. तो मरेपर्यंत आम्ही एकमेकांना हे विचारत राहिलो, कधी भांडून, कधी हसून. उत्तर नाही.

मी मालधक्क्यावर लागलो. दादाच्याच टोळीत. पंचवीस वर्षं पोती उतरवली. मुलगा शिकला, कारकून झाला. आम्ही बुद्धाकडं गेलो, वस्ती सोडली, घर झालं. कुणी विचारायला आलं, मतांचे, धान्याचे, आजाराचे कागद घेऊन, तर मी घरात नाही असं सांगायला लावायचो. एवढंच माझं बंड होतं. लपून बसायचं. त्याला मी मोठेपणा समजत होतो.

आता परवा परत राज्याची वाटणी झाली. दुसऱ्यांदा. माझी नात विद्यानगरला शिकते. तिच्या सरांनी तिला शहरातल्या जुन्या मैदानांवर लिहायला सांगितलं. तिनं लायब्ररीतून एक जुनं पुस्तक मोबाइलवर फोटो काढून आणलं. साहेबांचंच. तिनं नाव वाचलं, मी ओळखलं.

"आजोबा, हे देखो, तुमची वस्ती आहे ह्यात!" खूश होऊन आली ती.

"वाच."

तिनं वाचलं, मराठीत करून सांगितलं, अडखळत. खेळाची सवय आढळली नाही. वेळ वाया जातो. आणि मग खाली एक ओळ होती. ती सांगताना ती थांबली, शब्द शोधला. "वस्तीतल्याच एका माणसानं हे... कन्फर्म केलं. म्हणजे हो म्हटलं."

मी म्हणालो, "परत वाच."

तिनं परत वाचलं. तेच होतं.

तो माणूस मी. मी नाही म्हणालो होतो. नोकरी टाकून नाही म्हणालो होतो. पुस्तकात मी हो म्हटलेलं आहे. इतकी वर्षं मी हो म्हणत उभा आहे त्या लायब्ररीत, आणि मला पत्ता नाही.

तिला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "पण आजोबा, बुक में तो असं नाही ना. सर प्रूफ मागतील. तुम्ही या ना आमच्या डिपार्टमेंटला. सर एक फॉर्म देतील, त्यावर साइन करायची, मग इंटरव्ह्यू. दहा मिनिटं फक्त."

माझ्याच रक्ताची पोर. तिला दोष देत नाही. तिला पुस्तक खरं वाटतं आणि आजोबा गोड वाटतो. ही माझी कमाई. मी गप्प बसलो, आणि गप्प माणसाच्या नावावर कुणीही काहीही लिहितं.

म्हणून हे लिहिलं. महिना लागला. हात थरथरतो. मराठीतच लिहिलं. नातीला मराठी बोलता येतं, वाचायला जड जातं. जड जाऊ दे. मी तिला वाचून दाखवणार नाही, सोपं करून देणार नाही. तिनं अक्षर अक्षर लावून वाचावं. मी तसंच शिकलो.

तिच्या सरांना निरोप पाठवलाय. फॉर्म भरणार नाही. दहा मिनिटं देणार नाही. हे कागद घ्यायचे तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घ्यायचे, आणि त्या पुस्तकाच्या शेजारी, त्याच फळीवर ठेवायचे. कमी करायचं असेल तर हात लावू नका. आणि मला बोलवू नका. मी पुन्हा कुणाच्या टेबलासमोर उभा राहणार नाही. माझं काही ऐकायचं असेल तर माझ्या घरी यायचं, माझ्यासमोर खाली बसायचं, आणि माझं बोलून होईपर्यंत उठायचं नाही.